‘मी कुणाला उडवलं तर नाही ना?’

सांगलीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वहीची सहा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. सगळं छापता येणार नाही, पण त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

“आमचे हे पतसंस्थेत कॅशियर आहेत. वय ३८, निर्व्यसनी, स्वभावानं अगदी गरीब. गेल्या दीड वर्षापासून मिरजेहून विश्रामबागला घरी यायला त्यांना दीड-दोन तास लागतात. रस्ता वीस मिनिटांचा. गाडी खड्ड्यात आदळली की त्यांना वाटतं, आपण कुणाला तरी उडवलं. मग गाडी वळवून परत जायचं, रस्त्यात कुणी पडलंय का बघायचं. परत निघाले की तोच खड्डा पुन्हा लागतो. घरी आल्यावर मोबाइलची बॅटरी लावून पुढचं चाक, मडगार्ड बघतात. रक्त लागलंय का म्हणून. सकाळी पेपरात आधी अपघाताच्या बातम्या. रात्रीतून मला वीस वेळा विचारतात, ‘मी कुणाला उडवलं तर नाही ना?’ मी ‘नाही हो’ म्हणते. पाच मिनिटं बरं वाटतं, की पुन्हा तेच.

मी त्यांच्यानंतर शाळेला निघते. निघताना शेगडीच्या बटणांचा आणि रेग्युलेटरचा फोटो काढून पाठवावा लागतो. नाही पाठवला तर फोनवर फोन. माझ्या मोबाइलमध्ये आता मुलीपेक्षा सिलिंडरचे फोटो जास्त आहेत.

इथवर मी निभावून नेत होते. पण गेल्या महिन्यात रडत रडत त्यांनी सांगितलं की मुलीला (वय ५) गच्चीत कडेवर घेतलं की मनात येतं, हिला खाली टाकलं तर? तेव्हापासून तिला जवळ घेत नाहीत, आंघोळ घालत नाहीत. विळी-सुरी मला कपाटात वर ठेवायला लावली. तो विचार आला की ओठ हलवत रामरक्षा म्हणतात, आणि एखादा शब्द चुकल्यासारखा वाटला की पहिल्यापासून. सासूबाई म्हणतात हा मंत्रचळ आहे, त्यांच्या सासऱ्यांनाही होता. नरसोबाच्या वाडीला दोन पौर्णिमा करून झाल्या. मैत्रीण म्हणाली ओसीडी असेल. पण मोबाइलवर बघितलं तर ओसीडीवाले सारखे हात धुतात, घर आवरतात. आमचे हे ओला टॉवेल पलंगावर टाकतात. आणि पतसंस्थेत लाखोंची रोकड एकदाच मोजतात, कधी रुपयाचा फरक नाही. मग हे ओसीडी कसं? वेड लागलंय का? लिहिताना हात थरथरतोय, पण रात्री मुलीला त्यांच्याजवळ ठेवून मी झोपू का?”

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीची पाच पानं तुम्ही त्या एका ओळीपर्यंत पोहोचण्यासाठी लिहिलीत, हे कळतंय.

तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून सांगायचं तर, झोपा. ज्याला मुलीला इजा करायची आहे तो माणूस सुऱ्या स्वतःहून वर ठेवायला लावत नाही, तिच्यापासून लांब पळत नाही आणि बायकोजवळ बसून रडत नाही. तुमच्या यजमानांना त्या विचाराची किळस येते, भीती वाटते, म्हणूनच तो चिकटून बसलाय. तुमची मैत्रीण म्हणते तो ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, हाच आजार मला यात दिसतो, आणि त्याची ही सगळ्यात क्रूर खोड आहे. माणसाला जे जिवापेक्षा जास्त, नेमका त्यालाच हात घालायचा. देवभक्त माणसाच्या मनात देवाबद्दल घाण विचार, नव्या बाळंतिणीच्या मनात बाळाचा गळा दाबण्याचा विचार, आणि पाच वर्षांच्या मुलीवर जीव टाकणाऱ्या बापाच्या मनात गच्चीचा कठडा. असे विचार घेऊन आलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. ती धोकादायक नसतात. ती भेदरलेली असतात.

डॉक्टरांनी प्रत्यक्ष भेटून हे पक्कं करायला हवं, ते अर्थात आहेच. आणि माझं उत्तर कधी बदलेल तेही सांगून ठेवते. त्या विचाराची त्यांना भीती वाटेनाशी झाली, उलट तो बरोबर वाटायला लागला, कानात कुणी सांगतंय असं ते म्हणू लागले, दारू आणि रागाचे झटके सुरू झाले, किंवा ‘माझ्यासारख्यानं जगूच नये’ असं बोलायला लागले, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. यातलं शेवटचं मात्र आजच त्यांना सरळ विचारा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते नव्यानं भरत नाही. वाटत असेल तर सांगून मोकळं व्हायला वाट मिळते.

आता तो विचार मुळात आला कुठून? माझ्याही मनात आला आहे. तुमच्याही आला असणार. लोकल येताना फलाटाच्या कडेला उभं असलं की ‘आत्ता उडी मारली तर?’ असं क्षणभर वाटून जातं. १९७८ साली लंडनमध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या दोघांनी चांगल्या धडधाकट माणसांना विचारलं, तुमच्या मनात असं नको ते, अचानक काही येतं का? दर पाचांतल्या जवळजवळ चौघांनी हो म्हटलं. मजकूरही रुग्णांच्या विचारांसारखाच होता: कुणाला ढकलावं, कुणाला मारावं, भलत्या जागी भलतं बोलावं. फरक पुढे पडतो. बाकीची माणसं ‘हॅट, काहीतरीच’ म्हणून चालू लागतात. तुमचे यजमान तिथेच थांबतात आणि स्वतःला विचारतात, ‘असं माझ्या मनात आलंच कसं? म्हणजे मी तसा आहे का?’ विचार मनात येणं आणि तो हातून घडणं यातलं अंतर त्यांच्यासाठी पुसलं गेलं आहे. मग त्याला हाकलायला रामरक्षा. औषध घेताना माकड आठवायचं नाही ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. माकडाला हाकलत बसलं की ते घरातच राहतं.

आता ओला टॉवेल.

हात धुणारी बाई आणि कपाटातले डबे एका रेषेत लावणारा माणूस, एवढंच चित्र ओसीडीचं झालं आहे, आणि मला त्याचा मनापासून वैताग येतो. परवा एका लग्नात एक जण रुमालाच्या घड्या सारख्या करत हसत म्हणाला, ‘मला जरा ओसीडी आहे.’ नाही बाबा. तुला टापटीप आवडते, आणि घड्या घालून तुला बरं वाटतं. हा आजार असलेल्या माणसाला त्याचं कर्मकांड आवडत नाही. खड्ड्यापाशी पाचव्यांदा गाडी वळवताना तुमच्या यजमानांना आतून कळत असतं की इथे कुणी पडलेलं नाही. कळतं, पण वळत नाही, आणि गाडी मात्र वळते.

या आजाराचे दोन पाय आहेत. एक, मनात घुसणारा आणि जाता न जाणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. दोन, त्यातून उठणारी कासाविशी शमवायला पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती. ही कृती बाहेर दिसेलच असं नाही. मनातल्या मनात रामरक्षा म्हणणं, आकडे मोजणं, झालेला प्रसंग डोक्यात पुन्हा पुन्हा चालवून बघणं, आणि बायकोला विचारणं, ही सगळी कृतीच. हे दिवसाचा तासाहून जास्त वेळ खात असेल, किंवा त्यापायी नोकरी-संसार अडत असेल, तर तो आजार धरतात. तुमच्याकडे तर रस्त्यातच दीड तास जातो. धुणं-पुसणं हा त्याचा एक अवतार. तपासणं हा दुसरा. इजेचे, देवाधर्माचे, लैंगिक असे नको ते विचार हा तिसरा, आणि तो लोक लाजेपायी वर्षानुवर्षं दडवून ठेवतात. सगळं सममित, ‘बरोब्बर’ वाटेपर्यंत लावत बसणं हा आणखी एक. एकाच माणसात दोन-तीन एकत्रही असतात, तुमच्याकडे आहेत तसे. शंभरातल्या दोघा-तिघांना आयुष्यात कधी ना कधी हा होतो. बहुतेकांना विशी-पंचविशीच्या आतच सुरू झालेला असतो. त्यांना नीट विचारून बघा, दहावी-बारावीच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक किती वेळा तपासायचे. उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल, मला वाटणार नाही.

कॅशियरची गोष्ट मला फार आवडली. तुम्ही नकळत आजाराची किल्लीच लिहिलीत. लाखोंची रोकड एकदाच मोजणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती उत्तम आहे, लक्षही उत्तम आहे. खड्ड्यापाशी कुणी पडलेलं नव्हतं हे त्यांना आठवतं. त्या आठवणीवर विश्वास बसत नाही. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर याला संशयाचं वेड म्हणत, आणि ते नाव मला आजही ‘ओसीडी’पेक्षा जास्त पटतं. रोकड कमी भरली तर पैसे भरून देता येतात. रस्त्यात कुणी मेलं, घर पेटलं, तर ते भरून देता येत नाही. म्हणून संशय तिथे जातो. पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये हेच मांडलं होतं: या माणसांना होणाऱ्या-न होणाऱ्या प्रत्येक अनर्थाची जबाबदारी आपल्याच डोक्यावर आहे असं वाटतं. ती बेफिकीर माणसं नसतात. फिकीर त्यांच्याकडे नको तितकी असते.

पण मग तपासल्यावर संशय फिटायला हवा ना? फिटत नाही, वाढतो, आणि याचा एक झकास प्रयोग झाला आहे, तोही गॅसच्या शेगडीवर. २००३ साली नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी कॉलेजच्या निरोगी मुलांना संगणकाच्या पडद्यावर एक शेगडी दिली. बटणं चालू करायची, बंद करायची, बंद झाली का तपासायचं. पुन्हा. पुन्हा. वीस वेळा. शेवटी विचारलं, शेवटच्या खेपेला कोणती बटणं तपासलीत? मुलांची उत्तरं बरोबर येत होती. पण मुलं म्हणू लागली, आठवण धूसर वाटते, खात्री नाही. यातल्या कुणालाही ओसीडी नव्हता. वीसदा तपासल्यानं कुणाचाही स्वतःवरचा भरवसा पातळ होतो. आता तुमच्या मोबाइलमधले फोटो आठवा. रोज एक फोटो म्हणजे रोज त्यांच्या मनाला दिलेली एक सूचना, की कशावरही नुसतं विसंबू नकोस, पुरावा माग.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकताना अपराधी वाटून घेऊ नका. ‘नाही हो, कुणाला उडवलं नाहीत’ हे तुमचं उत्तर या आजाराचं खाद्य आहे. खरजेसारखं. खाजवलं की त्या क्षणी स्वर्गसुख, आणि तासाभरानं दुप्पट खाज. पाच मिनिटांचा तो दिलासा मेंदूला शिकवतो की विचारल्यामुळेच आपण वाचलो. मग पुढच्या वेळी विचारल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही प्रेमापोटी केलंत. कुणीही केलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी हेच करत असतं: आई दाराचं हँडल पुसून देते, भाऊ नळ बंद करून देतो, बायको फोटो पाठवते. हळूहळू सगळं घरच आजाराच्या नोकरीला लागतं.

सासूबाईंच्या मंत्रचळाबद्दल. शब्द अगदी बरोबर आहे. मंत्र म्हणण्यात चूक झाली की माणसाला चळ लागतो असा जुना समज, आणि चुकेल या भीतीनं पहिल्यापासून रामरक्षा म्हणणारा तुमचा नवरा. आपल्या भाषेनं हा आजार डॉक्टरांच्या आधी बघून ठेवला होता, फक्त कारण उलटं धरलं. त्यांच्या सासऱ्यांना होता हेही डॉक्टरांना जरूर सांगा. घरात जवळच्या नात्यात असला की शक्यता काही पटींनी वाढते. म्हणजे मुलीला होणारच असं नाही. मात्र ती पुढेमागे एकसारखं ‘आई, चालेल ना? नक्की चालेल ना?’ करायला लागली, तर ‘हट्टी आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

आजोबांचा तो मंत्रचळ होता की सोवळं, हे मात्र विचारून घ्या. माझी आजी सोवळ्याची होती. तिचं लुगडं उंच दांडीवर वाळायचं, ती काठीनं काढायची, आणि आम्ही पोरं जवळून पळालो तरी ओरडायची. तेव्हा मला तो वेडेपणा वाटायचा. पण नैवेद्य झाला की सोवळं सुटायचं, आजी जेवायची आणि दुपारी घोरत पडायची. तिच्या नियमाला शेवट होता, आणि शेजारच्या चार आज्यांचा नियम तोच होता. या आजारात शेवट नसतो. नियम रोज नवा फुटतो, आणि तो पाळूनही झोप येत नाही. वाडीला गेलात त्यात माझी काही हरकत नाही. दर्शनानं बरं वाटत असेल तर जा. फक्त ‘इतक्या प्रदक्षिणा घातल्या नाहीत तर मुलीचं वाईट होईल’ असं त्यांच्या मनात सुरू झालं, तर ती भक्ती राहिली नाही. रामरक्षेला आजारानं गिळलं तसं तो प्रदक्षिणेलाही गिळेल.

हे वेड आहे का? ज्याला लोक वेड म्हणतात, म्हणजे वास्तवाशी नातं तुटणं, ते हे नाही. आपला संशय फाजील आहे हे त्यांचं त्यांना कळतं. हीच तर त्यांची जास्तीची शिक्षा आहे.

उपचार आहेत, आणि ते चांगले आहेत. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात केसपेपर काढला तरी चालेल. तिथे बहुधा दहा प्रश्नांची एक मोजपट्टी लावतील. १९८९ पासून ती जगभर वापरात आहे, येल-ब्राउन म्हणतात तिला. पाच प्रश्न विचारांचे, पाच कृतींचे, एकूण चाळीस गुण. आजार किती आहे आणि दोन महिन्यांनी किती उतरला हे त्यावर कळतं. पतसंस्थेत कळेल ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे त्यांना सांगा. आणि पहिलं पाऊलच उचलवत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

गोळ्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लोक इथेच घसरतात. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुव्होक्सामीन या गटातली गोळी बहुधा देतील. नैराश्याला लागतो त्याहून डोस बऱ्याचदा मोठा लागतो, आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. पहिल्या पंधरवड्यात मळमळ, पोट बिघडणं, झोप पुढेमागे होणं असलं काही होतं. नेमका तेव्हाच फरक शून्य असतो, आणि माणूस म्हणतो, ‘या गोळ्यांनी काही होत नाही, उलट त्रास.’ लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, त्याबद्दल न लाजता डॉक्टरांना सांगायचं, त्यावर उपाय असतो. या गोळ्यांची चटक लागत नाही. पण बरं वाटलं म्हणून एकदम बंद केल्या तर आजार उलटतो. वर्ष-दोन वर्षं घ्याव्या लागतील असं धरून चाला. आणि मेडिकलवाल्यानं ‘टेन्शनची गोळी’ म्हणून हातावर ठेवलेली झोपेची गोळी घेऊ नका. ती कासाविशी तासभर झाकते आणि सवय तेवढी लावते.

गोळीइतकंच मोलाचं दुसरं औषध म्हणजे सामोरं जाणं आणि कृती रोखणं, ज्याला ईआरपी म्हणतात. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर हा मार्ग पहिल्यांदा मांडला. त्याआधी ‘यांचं काही होत नाही’ असंच डॉक्टर मानत. रीत ऐकायला सोपी आहे आणि करायला महाकठीण. भीती वाटते तिथे जायचं, आणि नेहमीची कृती करायची नाही. तुमच्या यजमानांची शिडी मला इथे बसून साधारण दिसते. पहिली पायरी, कुलूप एकदाच ओढायचं आणि निघायचं. मग शेगडीचा फोटो न मागता दिवस काढायचा. मग तो मिरजेचा रस्ता: खड्डा लागला, गाडी आदळली, आणि आरशात न बघता पुढे. छातीत धडधडेल, हात घामेजतील, आणि ‘परत जा’ असा आतून जो काही आरडाओरडा होईल तो होऊ द्यायचा. लाट चढते तशी उतरते, पण उतरते हे अनुभवल्याशिवाय कुणालाच पटत नाही. अगदी वरची पायरी म्हणजे मुलीला कडेवर घेऊन गच्चीत उभं राहणं, रामरक्षेशिवाय. ‘कदाचित उडवलंही असेल, मला माहीत नाही, आणि मी जेवायला बसतोय’ असं म्हणता येणं, हे तिथलं यश. शंभर टक्के खात्री कुणालाच मिळत नाही. तुम्हा-आम्हाला तिच्यावाचून जगता येतं, एवढंच.

ही शिडी घरी मनानं लावू नका. हे शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाबरोबर, साधारण बारा ते वीस बैठकांत, हे करायचं असतं. लहान गावांत असे लोक कमी आहेत हे खरं, पण आता ऑनलाइन बैठकाही घेतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत फक्त ओसीडीचं क्लिनिक आहे. ‘नुसतं बोलून आणि रस्त्यानं हिंडून मेंदूचा आजार कसा बरा होईल?’ असं तुमच्या घरात कुणीतरी म्हणेलच. त्यांना सांगा, लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी १९९२ मध्ये उपचारांआधी आणि नंतर रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. मेंदूच्या आतला कॉडेट नावाचा एक भाग या आजारात जास्त तापलेला असतो. जे सुधारले त्यांच्यात तो शांत झाला होता. गोळीनं सुधारलेल्यांच्यातही, आणि निव्वळ असा सराव करून सुधारलेल्यांच्यातही.

सगळेच पूर्ण बरे होतात असं मी लिहिणार नाही. बऱ्याच जणांचा आजार निम्म्यावर, पाव हिश्शावर येतो आणि माणूस आपलं आयुष्य परत मिळवतो. ताणाच्या दिवसांत तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. मार्चअखेरीस काढेल, पतसंस्थेत ऑडिट असेल तेव्हा.

आता तुम्ही काय करायचं. उद्यापासून एकदम उत्तरं बंद करू नका, तो छळ होईल. रविवारी सकाळी, ते शांत असताना, चहा घेऊन बसा आणि दोघं मिळून ठरवा. ‘मी कुणाला उडवलं तर नाही ना?’ याला वीसऐवजी पहिल्या आठवड्यात दहाच उत्तरं. पुढे पाच. नंतर उत्तराऐवजी एक ठरलेलं वाक्य. ते तुमच्या घरच्या भाषेत असू दे. माझ्या एका रुग्णाची बायको म्हणायची, ‘अहो, हे तुम्ही नाही विचारत, तो विचारतोय. त्याला मी उत्तर देणार नाही. तुम्हाला चहा टाकू का?’ रागानं नाही, उपदेशानंही नाही. ते चिडतील, रडतील, ‘एकदाच सांग, शेवटचं’ म्हणून विनवतील. तेव्हा जवळ बसा, हातात हात घ्या, आणि उत्तर देऊ नका. दहाऐवजी बारा वेळा दिलंत तर स्वतःला फाडून खाऊ नका. आठव्या दिवशी पुन्हा सुरू करा.

सासूबाईंना सोबत घ्या, नाहीतर तुमचा दरवाजा बंद झाला की प्रश्न त्यांच्याकडे जाईल. ‘मन घट्ट कर’, ‘देवाचं नाव घे’, ‘एवढा शिकलेला असून’ ही तिन्ही वाक्यं घरातून हद्दपार. मन घट्ट करायला ते दीड वर्ष झटतायत, बिचारे थकून गेलेत. विळी मात्र खाली आणून ठेवा, पण तुम्ही एकट्यानं नाही. तीही शिडीवरची एक पायरी आहे, ती त्यांनी त्यांच्या हातानं चढायची. आणि तुम्ही स्वतः? सहा पानांत तुमच्या झोपेबद्दल एक ओळ नाही, जेवणाबद्दल नाही. बहिणीला, मैत्रिणीला, कुणाला तरी सांगा. त्या डॉक्टरांनाही सांगा, तुमच्यासाठी वेगळा वेळ मागून घ्या.

सिलिंडरचे ते फोटो आज पुसून टाकू नका. पहिल्या भेटीला मोबाइल तसाच घेऊन जा. गॅलरी उघडून डॉक्टरांसमोर ठेवलीत की वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. पुसायचे ते त्यांनीच, त्यांच्या अंगठ्यानं, ज्या दिवशी जमेल त्या दिवशी. मधे मुलीचा एखादा फोटो दडलेला असेल, तेवढा सांभाळून.